लाईट गेली तिथपर्यंतचा पिक्चर

अण्णा, तो पिक्चर मी परवा शेवटपर्यंत पाहिला. आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसात, गणपतीत, भिंतीएवढ्या पांढऱ्या पडद्यावर. तुम्हाला पुनावळे आठवत असेल ते शेतांचं, बाभळींचं. आता तिथं मान मोडेल एवढ्या उंच इमारती आहेत आणि त्यातल्या एका फ्लॅटमध्ये आई आणि मी राहतो. तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते, त्याला आता इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायला फोटो काढावा लागतो. राग आठवायला काही काढावं लागत नाही. परवापासून डोकं भणभणतंय, म्हणून लिहायला बसलेय. आई अजून झोपलीय.

भोसरीत आपण त्या पत्र्याच्या खोल्यांच्या ओळीत राहत होतो आणि तुम्ही मागच्याच गल्लीतल्या वर्कशॉपात पॉवर प्रेसवर होतात. तुमच्या माराला काही नियम नव्हता, हे त्यातलं सगळ्यात वाईट. भाकरी करपली तरी मार, आणि नाही करपली तरी ‘आज बरी जमली’ म्हणून आधीच्या करपलेल्या भाकरीबद्दल मार. आई पदर तोंडावर ओढून नळावर जायची आणि बायका नळाकडे बघत राहायच्या. गणपतीत मात्र तुम्ही वेगळे असायचात. मंडळ भाड्यानं टीव्ही आणि व्हिडिओ आणायचं, आणि सगळी माणसं शिफ्टची, म्हणून प्रत्येक पिक्चर दोनदा लागायचा. संध्याकाळी फर्स्ट शिफ्टवाल्यांसाठी, दुसऱ्या दिवशी सकाळी सेकंड शिफ्टवाल्यांसाठी आणि बायकांसाठी, कारण संध्याकाळी बायका चुलीपाशी. आणि एक कडक रीत होती. संध्याकाळी बघितलेल्यानं सकाळच्यांना शेवट सांगायचा नाही. सांगितला तर गणपतीला नारळ द्यायचा. तुम्ही तो पिक्चर बुधवारी संध्याकाळी पाहिलात आणि खोलीवर येताना गाणं गुणगुणत आलात. मग आईच्या ओठावर का मारलंत ते मला आजही माहीत नाही.

गुरुवारी सकाळी आई फुटलेला ओठ घेऊन मांडवात बसली आहे आणि मी तिच्या मांडीला टेकून. पिक्चर प्रेमाचा. नायिकेचं लग्नाआधी एकावर प्रेम असतं, पण घरचे दुसऱ्याशी लावून देतात. नवरा भला दाखवलाय, गातोही छान. मग जुना प्रियकर गावात येतो, नवऱ्याला संशय येतो आणि तो सगळ्यांसमोर तिच्या थोबाडीत मारतो. ती पिशवी भरते, उंबरा ओलांडते, मागं दार लागतं. ती अंगणात उभी राहते, एक पाऊल टाकते, आणि लाईट गेली. मंडळाची पोरं मोठ्या कंपनीतली, त्यांना सुट्टी रविवारची. गुरुवारी भोसरीतली वर्कशॉपं बंद म्हणून दुरुस्तीसाठी वीज त्याच दिवशी तोडतात, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. तासभर वाट पाहिली. मग व्हिडिओवाल्यानं त्याचा डबा उचलला आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेला.

बायकांनी मांडव डोक्यावर घेतला. मालकीणबाई, म्हणजे ज्यांच्या जागेत आपण राहत होतो त्या, कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, “गेली म्हंजी गेली! आता कुठल्या तोंडानं परत यील?” शेजारची उसळली, “असं कसं? नवरा भला हाय तिचा. येकदा हात उचलला तर काय घर मोडायचं व्हय?” “तुला लागत आसंल मार गोड, तू खा!” यावर शेजारणीनं मालकीणबाईंचा अंबाडाच धरला. दोघी चटईवर लोळल्या, बांगड्या फुटल्या, एकीच्या मनगटातून रक्त आलं, तरी तोंडानं चालूच, गेली, न्हाई गेली. तेवढ्यात आदल्या संध्याकाळी पिक्चर पाहिलेला, तुमच्यातला एक जण सायकलवरून चालला होता. बायकांनी त्याला अडवलं. “भाऊ, फुडं काय होतं हो तिचं?” तो हसला. “न्हाई सांगायचं. नारळ कोन दील?” आणि टांग मारून गेला. त्या एका नारळाचा मी आजवर किती विचार केलाय! तो बोलला असता, तर आई बहुतेक उठून भात टाकायला गेली असती.

ती उठली, पण खोलीत जाऊन तिनं वायरच्या पिशवीत दोन लुगडी कोंबली. तुम्ही सुट्टी म्हणून नाक्यावर होतात. आम्ही नाशिकला जाणाऱ्या रस्त्यावर येऊन एसटी धरली आणि चाकणला मामाकडे उतरलो. मामाचं बाजारात सायकलचं दुकान होतं, मागं राहायची खोली. रविवारी तुम्ही आलात. बायकांनी सगळं सांगितलंच होतं तुम्हाला. तुम्ही दुकानापुढं उभे राहून हसत होतात, हे मला नीट आठवतं. तुम्हाला खरंच वाटत होतं की नुसता गैरसमज झालाय. “आगं येडे,” तुम्ही म्हणालात, “ती परत येती! मी सोता बघितलाय बुधवारी. शेवट तसाच हाय. चल.” आई दुकानाच्या पायरीवर बसली होती. ती म्हणाली, “आमचा पिक्चर लाईट गेली तितंच संपला. फुडचं मला ठावं न्हाई, अन् बघायचं बी न्हाई.”

पुढचं सांगायला नको, तुम्हीच केलंत. पण सांगतेच, कारण तुम्ही मेल्यावर भावकीत तुम्हाला देवमाणूस करून ठेवलंय. तुम्ही आईला केसांना धरून पायरीवरून खाली ओढलंत. मामा मध्ये पडला तर दुकानातला लोखंडी पंप उचलून त्याच्या खांद्यावर घातलात, तो खाली बसला तरी घातलात. हाड मोडल्याचा आवाज मला आला. त्या हातानं मामाला पुन्हा कधी चाकाची रिंग धड उचलता आली नाही. मग पंप टाकून आईला लाथा. बाजारातली माणसं गोळा झाली आणि त्यांच्यातही दोन तट पडले. “नवरा-बायकोचं हाय, आपण पडू नये,” असं एक म्हणतो, तर दुसरा, “आरं मरंल ती!” अखेर कांद्याच्या वखारीवरच्या हमालांनी तुम्हाला उचलून रस्त्यावर फेकलं आणि यथेच्छ तुडवलं. मी त्यातल्या एकाला ‘आणखी मारा’ म्हणून ओरडत होते. आई परत आली नाही. ना त्या दिवशी, ना तुम्ही तापानं पडल्याचा निरोप आला तेव्हा.

आता मी चाकणच्याच एका कंपनीत सुपरवायझर आहे. गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर सगळ्या पोरी आहेत माझ्या हाताखाली, नगर-बीड-लातूरकडच्या. मी तोंडाची फटकळ आहे, तुमच्यासारखीच. शिव्या घालते, फाडून खाते. पण आजवर कुणावर हात टाकला नव्हता. मुलगा आता नोकरीला बाहेरगावी असतो, पण लहानपणी इतका हट्टी होता की भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं, तेव्हाही मी बाथरूममध्ये जाऊन बादलीला लाथ मारायचे, त्याला नाही. नवऱ्याशी पटलं नाही तेव्हाही सरळ वेगळी झाले, तोंडानंच. लोक शिक्षण मिरवतात, दागिने मिरवतात, मी एवढंच मिरवत आले की मी तुमची मुलगी असले तरी तुमच्यासारखी नाही. आईला तर दुसरं काही नकोच होतं माझ्याकडून.

तर परवाचं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पिक्चरचं नाव पडल्या दिवसापासून दंगल. आयटीतल्या पोरी लिहीत होत्या, हा कसला नायक, ह्याला आत टाका. रिटायर्ड मंडळी लिहीत होती, ती प्रेमं आता कुठं राहिली. एकानं दुसऱ्याची आई काढली, ॲडमिननं दोघांना काढलं. आईला मी विचारलं, राहू दे का, नको बघायला? ती म्हणाली, “बघू की. तिचं काय झालं ते तरी कळंल.” मी तिच्या शेजारी बसले. थप्पड आली, पिशवी आली, उंबरा आला, आणि यावेळी लाईट गेली नाही. ती नदीपर्यंत जाते, प्रियकर होडी घेऊन उभाच असतो, आणि ही वळते. परत येते. नवरा ओट्यावर रडत बसलेला. ती पदरानं त्याचे डोळे पुसते, सनई वाजते, समाप्त. अर्ध्या हॉलनं टाळ्या वाजवल्या, अर्ध्यानं हुर्यो केली. आई माझ्या कानात म्हणाली, “मार हिनं खाल्ला, अन् डोळं त्याचं पुसती व्हय?”

मग चर्चा. एक पोरगी उठून तावातावानं बोलली की बाईनं जायलाच हवं होतं. आमचा सेक्रेटरी, गोड माणूस, सणाला घरोघर पेढे वाटणारा, माइक घेऊन हसत म्हणाला, “अहो ताई, एका थपडेवरून संसार मोडायचा म्हटलं तर आपल्या बिल्डिंगीत एक जोडपं उरणार नाही!” हशा पिकला. मग त्यानं आईपुढं माइक धरला. “काकू, तुम्ही जुन्या काळच्या. तुम्हीच सांगा या पोरींना. परत आली तेच बरं केलं की नाही?” आणि आई, जी आयुष्यात परत गेली नाही, ती एवढ्या लोकांपुढं कसनुशी हसली आणि म्हणाली, “व्हय बाबा. बरंच केलं.” भिडेपोटी म्हणाली, तोंडासमोरचा माइक जावा म्हणून. मी उठले आणि त्याच्या थोबाडीत मारली. चष्मा तिसऱ्या रांगेत गेला. तो गालावर हात ठेवून माझ्याकडे लहान पोरासारखा बघत राहिला, आणि मी पुन्हा मारली. पहिली, तुम्ही म्हणाल, आईसाठी होती. दुसरीला काही कारण नव्हतं.

आता ग्रुपवर पिक्चर बाजूला राहिलाय आणि माझ्यावरून दोन तट पडलेत. वाघीण आहे, म्हणतात काही. पोलिसांत द्या, म्हणतात बाकीचे. सेक्रेटरी तक्रार करत नाही, त्याची बायको मात्र लिफ्टमध्ये माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. काल भाजी निवडता निवडता आई म्हणाली, “दुसरी कशाला मारलीस गं? आगदी बापावर गेलीस.” मी तिच्या पायाशी बसले, रडले, चुकलं म्हणाले, हात उचलल्या क्षणापासून मला शरम वाटतेय म्हणाले. तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. ती उठायच्या आत हा कागद मी फाडून टाकणार आहे, तिला अक्षर लागत नाही तरी. कारण मला शरम वाटली नव्हती, अण्णा. दुसरी मारली तेव्हा फार बरं वाटलं, अजूनही वाटतंय, आणि हे ज्याला नीट कळेल असं माझं माणूस तुमच्याशिवाय दुसरं कुणी नाही.