माळा रिकामा

३ फेब्रुवारी, सोमवार

अपग्रेड झालं! मास्तर यायच्या आत स्टुडिओतले तिन्ही कॉम्प्युटर तयार. मास्तर दहाला काचेच्या खोलीत बसले आणि चारपर्यंत वाचत होते. बोलक्या पुस्तकाची शेवटची तीन प्रकरणं. उद्या त्यांच्या घशाचं ऑपरेशन. आवाज जाणार, कायमचा. मी थोडा वेळ ऐकलं, मग जुन्या सायकलींच्या दुकानात गेलो. एक हिरवी आहे. गियर नाहीत, पण उतारावर काय पळेल!

४ फेब्रुवारी

माळा रिकामा.

५ फेब्रुवारी

नीट लिहून काढतो, म्हणजे मलाच पळवाट उरणार नाही.

बाई अंधांसाठी बोलकी पुस्तकं तयार करतात. मास्तर वाचणार, बाई छाटणार. त्यांची पद्धत जगावेगळी — संध्याकाळी दिवसभराचं ध्वनिमुद्रण सगळंच्या सगळं पुसायचं आणि सकाळी जे वाचन कानात उरलं असेल तेवढंच परत आणायचं. परत येतं, कारण मागच्या वर्षी मीच खटपट केली होती. कॉम्प्युटरची पुसायची जी मूळ आज्ञा असते ती विचारत नाही, सांगत नाही, पुसून मोकळी होते. तिच्या जागी मी माझी बसवली. नाव तेच, पण पुसायच्या ऐवजी सगळं ‘माळा’ नावाच्या फोल्डरमध्ये सरकवायची. तेव्हा छाती फुगवून म्हणालो होतो, “बाई, आता बिनधास्त पुसा. इथून काही जात नाही.”

बसवली कुठे? थेट सिस्टिमच्या फोल्डरात, मूळ आज्ञेच्या डोक्यावर! बाईंच्या खात्यात वेगळी ठेवायची होती. अपग्रेड तिथे हात लावत नाही. दहा मिनिटांचं जास्तीचं काम. पण तेव्हा बाहेर कोणीतरी पतंग उडवत होतं.

सोमवारच्या अपग्रेडने माझी काढली, आपली बसवली. मी तपासलंही नाही. संध्याकाळी बाईंनी नेहमीसारखं पुसलं. आणि ते खरोखरच पुसलं गेलं.

६ फेब्रुवारी

स्टुडिओच्या साहेबांनी बाईंना आणि मला बोलावलं. दोष मशीनचा की माणसाचा, एवढंच त्यांना हवं होतं. मी म्हणालो, “आज्ञा बरोबर चालतेय.”

खोटं नाही! म्हणूनच जास्त वाईट.

बाई खिडकीकडे बघत म्हणाल्या की आपल्याच हातून काहीतरी चुकीचं दाबलं गेलं असणार. मी बुटाची नाडी बांधत बसलो. सुटलेली नव्हतीच.

बाहेर आल्यावर बाईंनीच माझ्या पाठीवर हात ठेवला. “भटक्या, तू कशाला तोंड पाडतोस? वय झालं रे माझं.”

८ फेब्रुवारी

पुसलेलं परत आणायचा प्रोग्रॅम दोन दिवस चालवला. डिस्कवर त्या जागी मंगळवारचं, दुसऱ्याच पुस्तकाचं ध्वनिमुद्रण बसलंय. मास्तरांचे तुकडे मिळाले — एक खोकला, पान उलटल्याचा आवाज, “…आणि मग ती…” बस्स. ती कोण, कुठे गेली, काही नाही. मी ते चाळीस वेळा ऐकलं. मध्येच त्या हिरव्या सायकलीचा विचार आला. स्वतःचीच किळस आली.

साहेब म्हणतात, शेवट दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ. अकरा प्रकरणं मास्तरांची आणि शेवट परक्याचा! बाईंनी ऐकून घेतलं. टेबलाचा खण आवरत होत्या.

९ फेब्रुवारी

माझी आज्ञा बाईंच्या खात्यात ठेवली. बरोबर जागी. सहा दिवस उशिरा. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत — सात.

१० फेब्रुवारी

पिशवी भरली. आजवर तीन गावं अशीच सोडली — कुणाला न सांगता, पहिल्या गाडीने. स्टँडवर दोन तास बसलो. माझ्या गावच्या तीन गाड्या समोरून गेल्या. बाईंनी राजीनामा लिहिलाय, असं शिपाई सांगत होता. कारणाच्या जागी: निष्काळजीपणा. माझा शब्द, त्यांच्या अक्षरात.

पिशवी परत आणली.

१२ फेब्रुवारी

दवाखान्यात गेलो, मास्तरांना सांगायला. गळ्याला पट्टी. आता ते वहीत लिहून बोलतात. लिहिलं: ‘बाई येऊन गेल्या. चूक त्यांची, म्हणाल्या. मग तू कशाला आलास?’ मला बोलता येतं, त्यांना ऐकू येतं. तरी मी त्यांच्या हातातलं पेन घेतलं.