नानांना पिवळ्या वर्तुळातून मोकळे करण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
बांधकाम परवानगी विभाग
(नवीन नाव : 'बदल' दालन),
नगर कार्यालय.

विषय : घराच्या मागच्या भिंतीत दार पाडण्यास परवानगी मिळणेबाबत, व त्यायोगे अर्जदाराच्या सासऱ्यांना आपल्या कार्यालयीन व्यवस्थेतून मोकळे करणेबाबत.

संदर्भ : १) सासऱ्यांचा मूळ अर्ज. २) 'प्रकरण विचाराधीन आहे' हे आपले उत्तर, तसेच त्यानंतरची त्याच मजकुराची उत्तरे. ३) आपल्या दुसऱ्या मजल्यावर लावलेला नकाशा, ज्यात सासरे दाखवले आहेत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार सविनय सादर करते की,

१. अर्जदार ही घरची सून असून सार्वजनिक ग्रंथालयात नोकरीस आहे. मूळ अर्ज सासऱ्यांचा आहे. ते निवृत्त बस कंडक्टर असून त्यांना घरीदारी सगळे नाना म्हणतात, म्हणून पुढे त्यांचा उल्लेख तसाच केला आहे. सासूबाईंचे खुब्याचे हाड मोडले होते, ते आता जुळले आहे आणि वॉकर धरून त्या सपाट जागी चालतात. परंतु घराला पुढच्या बाजूने उंच पायऱ्या आहेत. मागची खोली मात्र गल्लीच्या पातळीत आहे. तिथल्या भिंतीत दार पाडले की सासूबाई आपल्या पायांनी बाहेर जाऊ शकतील. मागणी एवढीच आहे. गवंड्याने भिंतीवर खडूने दार आखून ठेवले आहे, आणि परवानगी हाती आल्याशिवाय छिन्नी लावणार नाही असे तो म्हणतो.

२. नाना हा अर्ज घेऊन आले तेव्हा आपल्या कार्यालयाची नवी मांडणी नुकतीच झाली होती. खिडक्यांचे क्रमांक जाऊन सर्व विभाग नागरिकाच्या आयुष्याच्या प्रवासाप्रमाणे लावले होते : 'आरंभ', 'वाढ', 'बदल' आणि 'निरोप'. शब्द वाचण्यात नागरिकाचा वेळ जातो म्हणून फलकांवर चित्रे आली. पानाचे चित्र पाहून झाड तोडण्याची परवानगी मागणारे रांग लावतात, तिथे जन्मनोंदणी होते. दुकान बंद करू इच्छिणारास 'निरोप'मध्ये मृत्यूच्या दाखल्यांसोबत बसवतात. भिंतीत दार पाडणे ही 'वाढ' की 'बदल' यावर दोन्ही दालनांचे एकमत झाले नाही. 'वाढ'चे म्हणणे असे की दारामुळे भिंत कमी होते, सबब ही वाढ नव्हे. 'बदल'चे म्हणणे असे की घरात एक दार जास्तीचे येते, सबब ही वाढच. नानांनी दोन्हीकडे हेलपाटे घातले.

३. या हेलपाट्यांत नानांना सगळी इमारत तोंडपाठ झाली. दुसऱ्या मजल्यावर जिथे वाट तीन बाजूंना फुटते तिथे ते दम खायला थांबत. तिथेच बाकीचे लोकही गोंधळून उभे असत. आता ज्या माणसाने उभा जन्म गर्दी पुढे सरकवण्यात घालवला, त्याला वळणावर गर्दी बघवेल कशी? नाना विचारू लागले, "काय काम आहे? कुत्र्याचा परवाना? मग त्या माशाच्या चित्राकडे जाऊ नका, तिथे नळजोडणी आहे. डावीकडे वळा. चला, पुढे सगळं मोकळं आहे."

४. त्यामुळे चौकशीच्या खिडकीवरच्या तक्रारी थांबल्या. तक्रारी थांबल्या म्हणून नवी मांडणी यशस्वी ठरली, आणि खिडकी बंद करून तिथल्या बाईंना दुसऱ्या कामाला लावण्यात आले. नंतर लोक कुठे थांबतात याची कॅमेऱ्यांवरून पाहणी झाली. जिथे जास्त माणसे थांबतात तिथे नकाशावर लाल रंग येतो म्हणतात. नाना उभे राहतात ती जागा लालभडक आली. तेव्हा नागरिकांना ही जागा उपजतच सोयीची वाटते असा निष्कर्ष काढून आपण तिथे फरशीवर पिवळे वर्तुळ रंगवले. वर्तुळ सोयीचे आहे याबद्दल अर्जदाराचे दुमत नाही. फक्त त्यात नाना उभे असावे लागतात.

५. मध्यंतरी नाना तापाने घरी झोपून होते. त्या दिवशी लग्नाची नोंदणी करायला आलेले जोडपे नळजोडणीचा नमुना भरून घरी गेले, आणि कुत्र्याचा परवाना काढायला आलेले एक गृहस्थ 'निरोप'च्या बाकावर बसले असता शेजारच्यांनी त्यांचे सांत्वन केले. त्यांनी ते नीट ऐकून घेतले, कारण त्यांना वाटले की हीच पद्धत असेल.

६. या घटनेनंतर आपण व्यवस्थातज्ज्ञ नेमले. अर्जदार त्यांना समक्ष भेटली. ते सज्जन आहेत आणि त्यांनी पांढऱ्या फळ्यावर सगळे हौसेने समजावून सांगितले. सुटे भाग पाहू नयेत, पूर्ण व्यवस्था पाहावी, असे त्यांचे सांगणे आहे. फळ्यावर बाणांचे एक गोल चक्र होते : प्रकरण अडते, म्हणून नाना येतात, नाना येतात, म्हणून लोकांना वाट सापडते, लोकांना वाट सापडते, म्हणून मांडणी सुधारण्याची गरज पडत नाही, मांडणी सुधारत नाही, म्हणून प्रकरण अडते. "बघा, कुठेही तुटत नाही," ते म्हणाले. "तुमचे सासरे या व्यवस्थेचा कणा आहेत. त्यांचं काम करून दिलं की हा पहिला बाण गळतो." सबब पूर्ण व्यवस्थेच्या हिताकरिता नानांचे प्रकरण विचाराधीन ठेवावे, अशी शिफारस त्यांनी केली असून ती आपण मान्य केली आहे.

७. मग नानांना रीतसर नेमा, असे अर्जदाराने सुचवले. त्यावर उत्तर मिळाले की नेमलेल्या माणसावर लोक विश्वास ठेवत नाहीत. नानांवर ठेवतात, कारण नानाही त्यांच्यासारखेच अडकलेले आहेत. परवानगी मिळाल्यावरही रोज येऊन उभा राहीन, असे हमीपत्र नाना द्यायला तयार झाले. काम झालेला माणूस दुसऱ्या दिवशी येत नाही असे पाहणीत दिसून आले आहे, म्हणून हमीपत्र स्वीकारले गेले नाही.

८. येथे एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. नानांना ते वर्तुळ आवडू लागले आहे. सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून निघतात आणि संध्याकाळी "उद्या होईल" एवढे बोलून जेवायला बसतात. सासूबाई दिवसभर मागच्या खोलीत त्या खडूच्या दारासमोर बसून असतात. त्यांनी आपल्या हाताने त्याला खडूची कडीही काढली आहे. परवा जेवताना त्या म्हणाल्या, "अहो, साऱ्या गावाला कुठल्या दारानं जायचं ते सांगता. मला एक दार मिळवून देता येत नाही?" नानांनी घास तसाच ताटात ठेवला. दुसऱ्या दिवशी ते कार्यालयात आले नाहीत. आजही ते घरीच आहेत.

९. त्या दिवशी दुपारीच आपले शिपाई फळांची पिशवी घेऊन नानांच्या प्रकृतीची चौकशी करायला घरी आले. मूळ अर्ज केल्यापासून आपल्या कार्यालयातून घरी आलेली ही पहिलीच व्यक्ती असल्याने त्यांची भेट स्थळपाहणी म्हणून धरावी, ही विनंती. ते मागच्या खोलीत सासूबाईंशी बोलत बसले, चहा प्यायले, आणि निघताना खडूच्या दाराकडे वळून त्यांनी कडीला हात घातला. नंतर ते फार ओशाळले. परंतु आपल्याच पद्धतीने त्या खोलीचा नकाशा काढला, तर सर्वांत लाल जागा त्या भिंतीपाशी येईल. जिथे माणसे आपणहून जाऊन थांबतात तिथे सोय आहे असे आपण मानता. त्या हिशेबाने तिथे दार आहेच. मध्ये फक्त भिंत आली आहे.

१०. तरी ती काढण्यास परवानगी द्यावी. नाना येईनासे झाल्याने पहिला बाण तसाही गळाला आहे. वर्तुळ रिकामे राहील याची काळजी नसावी. दार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाई त्यातून बाहेर पडून, नानांना बरोबर घेऊन, आपल्या लिफ्टने दुसऱ्या मजल्यावर येणार आहेत. नाना कुठे उभे राहतात ते त्यांना एकदा बघायचे आहे.

हा अर्ज 'वाढ'मध्ये द्यायचा की 'बदल'मध्ये, हे आज सांगायला कोणी नसल्याने दोन्हीकडे एकेक प्रत दिली आहे.

आपली नम्र,
(सही)
नानांची सून

दिनांक : पोचेच्या शिक्क्याप्रमाणे

सोबत :
१) नानांचे हमीपत्र, जे परत आले होते.
२) मागच्या भिंतीचा फोटो. त्यात आखलेल्या दारापाशी दिसणाऱ्या बाहेरच्या चपला सासूबाईंच्या आहेत. त्या बाजूला करून फोटो काढू असे गवंडी म्हणाला होता. त्यांनी करू दिल्या नाहीत.