न बोलावलेली साक्षीदार

सर, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. हे तुम्ही होतात तेव्हाच सांगायला हवं होतं.

लॉच्या शेवटच्या वर्षाला मी शिरूरच्या तुमच्या ऑफिसात शिकायला आले. पहिल्याच आठवड्यात एका आरोपीला विचारलं, "तुम्हीच मारलं का?" तुम्ही त्याला बाहेर बसवलंत आणि मला म्हणालात, "हे इचारायला पोलीस हायेत. आपण इचारायचं, तवा कुठं हुता, कुणासंगं हुता. आन् माणूस जे सांगंल ते सगळं माझ्यापर्यंत आलं पाहिजे."

मग ती दौंडची केस आली. यवतजवळच्या गोडाऊनच्या वॉचमनला संध्याकाळी कुणीतरी गजानं मारलं, हात मोडला. आदल्या दिवशी त्याचं एका हमालाशी भांडण झालेलं, म्हणून पोलिसांनी हमालाला उचललं. तारखेला त्याला आणलं तेव्हा तुम्ही दुसऱ्या केसमध्ये अडकला होतात. वही देऊन मला पाठवलंत. कोर्टाच्या व्हरांड्यात तो बाकावर बसलाय, पोलीस जरा लांब उभा आहे. मी विचारते, त्या वेळी कुठं होतात? तो पोलिसाकडे बघून आवाज खाली आणतो.

"ताई, एका बाईच्या घरी हुतो. विधवा हाय, यवतला शिवणकाम करती. पण वकीलसायबांना सांगू नका. गाव तिला जगू देणार न्हाई. शपथ घ्या."

मी घेतली. वहीत लिहिलं, घरी एकटाच होता. परतताना एसटीत तुम्ही ते वाचलंत. "आणखी काय बोलला?"

"काही नाही, सर."

तुम्ही स्वतः विचारलंत तेव्हा तोही तेच बोलला, माझ्याकडे बघत. एका बाईची अब्रू राखतेय याचा मला थोडा अभिमानच वाटत होता. पुढं वॉचमननं कोर्टात त्याला ओळखलं. तुम्ही दोन तास उलटतपासणी घेतलीत, पण तो हलला नाही. तीन वर्षांची शिक्षा ऐकून हमालाची आई फरशीवरच बसली. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "मीच कमी पडलो." त्यानंतर तुम्ही फौजदारी केस घेतली नाहीत. मला सनद मिळाली तेव्हा तुमचे गळ्याचे पांढरे बँड इस्त्री करून दिलेत. मी ते घेतले.

तुम्ही गेल्यावर वर्षभरानं मी यवतला गेले. बाई सापडली. तिनं मशीन थांबवलं.

"व्हय, माझ्याकडंच हुता. सुटला आन् चाकणला गेला, परत फिरकला न्हाई. आवं, मी आले असते की कोर्टात. लोक काय, आजबी बोलत्यात. पर मला कुणी इचारलंच न्हाई." मग सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमाला म्हाईत हुतं का?"

मी नाही म्हणाले, सर. तिनं माझ्यासाठी चहा ठेवला. मी तो प्यालेसुद्धा.

आता मीही दौंडला केसेस चालवते. त्या व्हरांड्यातून जाताना अजून बाकाकडे बघत नाही. हे पत्र तुमच्या घरी पाठवावं, तर ते काकूंच्या हातात पडेल. त्या सांगतात, त्या उलटतपासणीचे कागद शेवटपर्यंत तुमच्या उशाशी होते. काय चुकलं होतं गं त्यांचं, असं त्या मला दर भेटीत विचारतात. सर चुकले नव्हते, असं मी म्हणते.