पहिला भाग तो पहिला भाग

४ एप्रिल, शनिवार
आजपासून रोजनिशी. आयुष्यात मोठं काही घडायला लागलं की ते नोंदलेलं असावं.

घडलंय ते असं. आमच्या लाडक्या स्पॅगेटी वेस्टर्नच्या, म्हणजे इटलीवाल्यांनी काढलेल्या काउबॉय सिनेमाच्या, दोन्ही भागांची धुऊनपुसून स्वच्छ केलेली प्रिंट आली आहे. चौकातलं थिएटर आमच्या क्लबसाठी एक दुपार द्यायला तयार आहे. मात्र खेळ एकच. म्हणजे पहिला भाग किंवा दुसरा भाग. कोणता, ते क्लबने मतदानाने ठरवायचं.

यात ठरवायचं काय? उद्या सूर्य कुठून उगवावा यावरही मतदान घ्याल!

पहिला भाग. विषय संपला.

५ एप्रिल
विषय संपलेला नाही. दुसऱ्या भागाचेही चाहते आहेत म्हणे. त्यांचा म्होरक्या चष्मेवाला.

हा माझा जुना मित्र. होता. गेल्या वर्षी भर सभेत मी सहज म्हणालो की ज्याला दुसरा भाग आवडतो त्याने आधी डोळे तपासून घ्यावेत. त्याचं चष्म्यांचं दुकान. लागलं त्याला. तेव्हापासून अबोला. थट्टा सहन होत नसेल तर माणसाने विनोदी सिनेमाच्या क्लबात कशाला यावं?

मला त्याची आठवण अजिबात येत नाही. त्याचं दुकान माझ्या गाद्यांच्या दुकानासमोरच आहे. दिवसभर दिसतोच, आठवण कशाला येईल?

संकल्प: रोज पहाटे उठून मतदानाआधीच्या भाषणाची तयारी.

६ एप्रिल, सकाळी साडेनऊ
उठलो नाही. नवीन मॉडेलची गादी घरी आणली आहे, टेस्टिंग चालू आहे. धंद्याचा भाग.

पण कपाटातून दोन्ही भागांच्या व्हिडिओ कॅसेट काढल्या. लहानपणी मामाने दिलेल्या. वर त्याच्याच हाताने मार्करने लिहिलेलं, एकीवर १, दुसरीवर २. दोन्हींची सुरुवात मामाच्या लग्नाच्या शूटिंगखाली गेली आहे, त्यामुळे सिनेमाचं नावबिव दिसत नाही. मामी दिसते.

८ एप्रिल
नंबर एक पाहिली. काय सिनेमा! काय सिनेमा!

दोन भुरटे चोर, एक गप्प्या, एक बडबड्या, आणि त्यांचं खेचर. बंदुका सगळ्यांकडे, पण मरत कोणीच नाही. गोळी टोपीला लागते. पडदा उघडतो तेव्हा दोघं आधीच बरोबर. कुठे भेटले, कसे भेटले? सांगत नाही. बडबड्याचा पुढचा दात पडलेला. कसा पडला? सांगत नाही. खेचर डावीकडे वळत नाही. का? सांगत नाही! प्रेक्षकावर केवढा हा विश्वास! एका ठिकाणी गप्प्या म्हणतो, मागच्या वेळेसारखा घोळ घालू नकोस. मागच्या वेळेसारखा? कोणती मागची वेळ? अंगावर काटा आला. याला म्हणतात दिग्दर्शन.

९ एप्रिल
नंबर दोन पाहिली. नाइलाजाने. शत्रूची बाजू माहीत हवी.

काय ही अनागोंदी. अख्खा पहिला भाग बरोबर काढलेली माणसं इथे एकमेकांना ओळखतच नाहीत! हात मिळवून नावं काय सांगतात! बडबड्याचा पडलेला दात परत उगवलेला. मध्यंतरानंतर तो एका थपडेत पडतो, म्हणजे दुसऱ्यांदा. खेचर बिनदिक्कत डावीकडे वळतं. मग कोणीतरी त्या बाजूने बूट फेकून मारतो आणि वळायचं बंद होतं. लेखकाने स्वतःचा पहिला भाग पाहिला तरी होता का?

बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता बघत होती. म्हणाली, हाच आधीचा नसेल कशावरून? मी हसलो. कॅसेटवरचा दोन आकडा तिच्यापुढे धरला. तिने आकड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बनियनची घडी घातली. तिला सिनेमातलं कळत नाही, पण तशी स्वभावाने चांगली आहे.

११ एप्रिल, शनिवार
क्लबची बैठक. घमासान चर्चा.

आमच्याकडे एक नियम आहे, चिटणीस म्हणून मीच केलेला: सीन सांगायचा नाही. आमचे अध्यक्ष, म्हणजे सुतार, नव्या सभासदांपुढे एकूण एक विनोद आधीच फोडायचे. आता जो सीन सांगेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. त्यामुळे चर्चा तत्त्वांवर होते. शिवाय निम्म्या लोकांना दोन्ही भाग पाहून जमाना झाला, त्यामुळे मतं फार ठाम आहेत.

सुतार म्हणाले, पहिल्या भागात थपडांचा आवाज खणखणीत आहे, दुसऱ्यात फुसका. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, पहिल्या भागात मैत्री हळूहळू जुळत जाते ती पाहण्यात खरी गंमत. मला कळेना, पहिल्या भागात मैत्री आधीच जुळलेली असते. बाईंची स्मरणशक्ती गेली. पण मत आपल्या पारड्यात पडत होतं, म्हणून गप्प बसलो.

मग चष्मेवाला उठला. माझ्याकडे न बघता म्हणाला, दुसरा भाग मोकळाढाकळा आहे, ओळखीपाळखीत वेळ घालवत नाही, थेट धमाल सुरू. ऐका! ज्यात अर्धा तास ओळखपाळखच चालते तो मोकळाढाकळा! डोळे. दुसरं काय.

१४ एप्रिल
दुकानात भाषणाची तालीम. गाद्या उभ्या करून ठेवल्या, श्रोते म्हणून. एक गिऱ्हाईक डबल गादीवर पडून बघत होतं, ते माझ्या दुसऱ्याच वाक्याला घोरायला लागलं. तासाभराने उठलं. म्हणालं, झोप मस्त झाली, आता गादी नको. माझ्या वाणीत काहीतरी आहे, हे नक्की.

समोर चष्मेवाला काचा पुसत होता. त्याने हे पाहिलं आणि त्याला हसू आलं, असं मला वाटलं. मग त्याने पाठ फिरवली. फिरव बापडा.

१८ एप्रिल, शनिवार
विजय! दणदणीत!

भाषण असं झालं की विचारू नका. सिनेमाने प्रेक्षकावर विश्वास ठेवावा, हा मुद्दा. एकही सीन न सांगता बोललो. पोस्टातल्या बाईंनी डोळे पुसले. एरवी दुसऱ्या भागाचं गुणगान गाणारे सगळे फुटून माझ्याकडे आले. दुसऱ्या भागाच्या बाजूने शेवटी दोनच हात वर. दोन्ही चष्मेवाल्याचे. सुतारांनी एक खाली करायला लावला.

मी मोठ्या मनाने त्याच्याशी दोन शब्द बोलणार होतो. कोणते, तेही ठरवलं होतं. पण तो चहा न घेताच निघून गेला.

जिंकल्यावर वाटायला हवं तेवढं बरं वाटलं नाही. चहा कोमट होता, म्हणून असेल.

२५ एप्रिल, शनिवार
क्रमाने लिहितो.

थिएटर भरलेलं. सुतारांनी मला स्टेजवर बोलावलं. मी म्हणालो, आज तुम्ही एक परिपूर्ण कलाकृती पाहणार आहात. टाळ्या. अंधार. पडद्यावर मोठ्या अक्षरांत नाव.

आणि गप्प्या आणि बडबड्या एकमेकांना नावं सांगायला लागले.

मी उठलो. लोकांच्या पायांवर पाय देत, माफ करा माफ करा म्हणत, धावत वर ऑपरेटरच्या खोलीत. म्हटलं, अहो, चुकीचा भाग लावलात! तो माणूस डबा खात होता. घास गिळून त्याने मला पोस्टरं दाखवली. पहिल्या भागाच्या पोस्टरवर बडबड्या, बत्तिशी शाबूत. दुसऱ्या भागाच्या पोस्टरवर बडबड्या, पुढे खिंडार. म्हणाला, साहेब, दात आधी असतो, मग पडतो.

खाली आलो. बसलो. खेचराला बूट बसला आणि सगळं थिएटर लोटपोट झालं. सुतारांनी मागून माझ्या पाठीवर थाप मारली. वा चिटणीस, काय निवड!

मीही एकदा हसलो. चुकून. बरं, तीनदा.

२६ एप्रिल
मामाला फोन केला. आकडे कसे टाकलेस, विचारलं. म्हणाला, ज्या क्रमाने पाहिल्या त्या क्रमाने. आधी दुसरा भाग मिळाला, म्हणून त्याच्यावर एक. त्यात काय एवढं?

त्यात काय एवढं! माझी सगळी हयात गेली त्यात. थोडक्यात, चूक मामाची.

चष्मेवाला आणि मी, दोघांनाही एकच सिनेमा आवडत होता. एक वर्ष आम्ही बोललो नाही.

बायकोला सांगितलं. ती हसली नाही. तेच जास्त लागलं. म्हणाली, जाऊन त्याला सांगून ये. मी म्हटलं, वेडी आहेस का? क्लबात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. हे गुपित माझ्याबरोबर जाईल.

२७ एप्रिल, सोमवार
गुपित साडेअकरापर्यंत टिकलं.

दुकानात मागच्या गादीवर आडवा पडलो होतो. दार वाजलं. चष्मेवाला. रस्ता ओलांडून आला होता! एक वर्षाने! उभ्याउभ्याच म्हणाला की तू जिंकलास, पहिला भागच सरस. परवा खूप वर्षांनी पाहिला आणि पोट धरून हसलो. उगाच अडून बसलो होतो. डोळ्यांवरून बोलला होतास, तेही सोडून दिलं.

ज्या वाक्याची वर्षभर वाट पाहिली तेच वाक्य. नुसती मान डोलवायची होती. ठरवलंही होतं. पण तो गादीच्या कडेला टेकला आणि दात पडण्याच्या सीनचं कौतुक सुरू केलं, आणि माझ्याच्याने राहवेना. म्हटलं, पडलेलाच दात चांगला होता रे! कारण कळलं आणि सगळी मजा गेली!

कसला पडलेला, त्याने विचारलं. मग सगळं सांगावंच लागलं. मामा, कॅसेट, आकडे, सगळं. डोळ्यांवरून बोललो त्याचीही माफी मागितली. ते ठरवलेलं नव्हतं, तोंडातून आलं.

तो इतका हसला की गादीवर आडवा झाला. बाहेरचं गिऱ्हाईक आत डोकावून गेलं. मला आधी राग आला. मग मीही हसायला लागलो, आणि मग दोघांनाही थांबता येईना. किती बरं वाटलं म्हणून सांगू.

मग म्हटलं, चल, आता आपण दोघं मिळून दुसऱ्या भागासाठी लढू. त्याने साफ नकार दिला. म्हणाला, मी आता पहिल्याचा. तूच पटवलंस.

तास-दोन तास भांडलो. त्याचं गिऱ्हाईक समोर ताटकळत होतं, त्याने नंतर या म्हणून हाताने खूण केली.

म्हणजे हिशेब असा. अख्खा क्लब आता पहिल्या भागाचा, माझ्या भाषणामुळे. दुसऱ्याच्या बाजूने मी एकटा. शनिवारी हे सगळ्यांसमोर उठून सांगायचं आहे. जाऊच नये, असं वाटतं.

तो म्हणाला, घ्यायला येतो.