चपलांच्या कपाटावरचा डबा

४ मार्च
डबा अजून तिथेच! चपलांच्या कपाटावर, राउटरला चिकटून. काळा, आमच्या दातांच्या लॅबमधल्या कवळीच्या खोक्याएवढा. नवरा — माजी — घर सोडताना म्हणाला होता, नव्या जागी नेट आलं की घेऊन जाईन. सात महिने झाले. अठरा वर्षांचे फोटो, व्हिडिओ सगळे त्यात, नेटवरून कुठूनही बघता येतात, म्हणून तो कधी बंद करायचा नाही, असा हुकूमही सोडून गेला. ‘झिरोच्या बल्बाएवढीही वीज खात नाही गं!’ एवढ्या कौतुकाने माझ्याबद्दल कधी बोलला नाही.

९ मार्च, रविवार
लेकीला फोन. उचलला नाही. बापाबरोबर गेली तेव्हा दारात म्हणाली, ‘तू फक्त ओरडतेस.’ त्यानंतर एक शब्द नाही. मला घर नको, पोटगी नको. तिने एकदा बोलावं, बस.

१२ मार्च
सकाळी साडेसहाला डब्याचा दिवा लुकलुकतो. रोज! नेटवाला राउटर बदलायला आला होता, त्याला विचारलं. म्हणाला, कुणीतरी बाहेरून आतलं काहीतरी उघडून बघतंय.
कोण, ते मला नको सांगायला! स्वारी चहा पीत माझ्या घरात डोकावतेय. तळपायाची आग मस्तकात गेली. लेक नेलीस, आता आठवणीही माझ्याच विजेवर चघळतोस?

१३ मार्च
पुन्हा. सहा बत्तीस ते सहा पन्नास. निर्लज्ज!

१५ मार्च
एका कवळीचे पुढचे दोन दात उलटसुलट बसवले. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. मालकांनी कवळी परत माझ्या टेबलावर आणून ठेवली. दिवसभर मनात त्याच्याशी भांडत होते, दुसरं काय होणार!

१६ मार्च, रविवार
लेकीने आजही उचलला नाही.
प्लग उपसला. येऊ दे बोंबलत दारात. आधी लेकीला माझ्याशी बोलायला लाव, मग डबा — असं तोंडावर सांगणार आहे. बरं वाटलं.

१८ मार्च
हूं नाही की चूं नाही. शेवटी मीच त्याला फोन लावला. म्हणतो, ‘तो डबा? मी गेल्यापासून उघडलाही नाही. काढून टाक हवं तर.’
खोटारडा!

१९ मार्च
सहा चाळीस. लेकीचा मेसेज. सात महिन्यांतला पहिला.
‘आई, डबा बंद पडलाय का? तुझे व्हिडिओ दिसत नाहीयेत.’
प्लग लावला. आज कामावर गेले नाही.