पाण्याने फुगलेलं पुस्तक

प्रिय नाकतोडे,

अक्षर तिरकं आलंय, हसू नकोस. आडवी पडून लिहितेय. का, ते शेवटी सांगते, आणि पान उलटून आधीच बघायचं नाही. तुझी ती खोड मला ठाऊक आहे. परवा तुझा बाबा तुझा फोटो देऊन गेला. पदवीचा झगा, त्याखाली तेच नाकतोड्याचे लांबडे पाय, आणि पायांत धावायचे बूट! आत्याचं नाक कापलंस. मग तो फोटो उशाशी ठेवून घेतला आणि दिवसभर त्याच्याकडेच बघत राहिले.

माझ्याकडे राहायला आलीस तेव्हा तुझ्या नडगीच्या हाडाला तडा गेला होता आणि भौतिकशास्त्रात दुसऱ्यांदा दांडी गुल झाली होती. तिसऱ्यांदा नापास झालीस तर कॉलेजातून नाव कमी, म्हणजे धावण्याच्या संघातूनही बाहेर. सगळं त्या एका पेपरावर अडलेलं. आणि पुस्तक उघडलंस की दोन ओळींत डोळे चोळायला लागायचीस. अक्षरं जागची हलतात म्हणायचीस. मी छापखान्यात प्रुफं तपासण्यात उभा जन्म घालवलेली बाई. म्हटलं, पोरी, आयुष्यभर अक्षरंच बघतेय, एकही पळून गेलेलं नाही. तू पुन्हा पहिल्या ओळीवर बोट ठेवलंस. असं रोज चालायचं.

मग तुझ्या धावण्याच्या सरांनी ते खूळ काढलं. जमिनीवर धावायचं नाही ना, तर पाण्यात धाव! कमरेला तरंगता पट्टा, खाली खोल पाणी, आणि तू जीव खाऊन धावतेयस नि पुढे सरकतेयस गोगलगायीएवढी. काठावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत मी नुसती किती वेळ बसणार? तुझं पुस्तक काढलं आणि वाचायला लागले. खड्या आवाजात, छापखान्यात प्रुफं ताडताना जोडीदाराला वाचून दाखवायचे तसं, विरामचिन्हांसकट. वस्तूवर बल लावल्यास स्वल्पविराम तिचा वेग बदलतो पूर्णविराम. पोहण्याच्या तलावावरचा रखवालदार आधी वैतागला, मग कान देऊन ऐकायला लागला, आणि एकदा मी पान गाळलं तर त्यानेच हटकलं. तू स्वल्पविरामाला श्वास घ्यायचीस, पूर्णविरामाला वळायचीस. एके दिवशी घरी येताना बसमध्ये अख्खा धडा घडाघडा म्हणून दाखवलास, चिन्हांसकट. माझ्या अंगावर काटा आला गं. डोळ्यांनी जे आत जात नव्हतं, ते कानांनी आणि पायांनी गेलं होतं. पुस्तक मात्र शिंतोड्यांनी फुगून दुप्पट झालं.

पण मी खरी थक्क झाले ती नंतर. हाड जुळलं, मैदानावर परतलीस, आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर मांडीमागचा स्नायू फाटला. सरांनी तुला धरून धरून घरी आणलं. स्वयंपाकघरात फरशीवर बसून, ओट्याला डोकं टेकून ढसाढसा रडलीस. मला वाटलं, संपलं. मी तर मनातून हातपाय गाळलेच होते. तू पाणी प्यायलीस, नाक पुसलंस आणि विचारलंस, धडा कुठे राहिला होता. बस्स, एवढंच. अगं, त्या क्षणी मला तुझी भीतीच वाटली! एवढीशी काडी, हे बळ ठेवते तरी कुठे? काठावर का होईना, पास झालीस. उत्तरात एका जागी ‘स्वल्पविराम’ असं अक्षरी लिहून आलेय म्हणून सांगितलंस, तेव्हा दोघी हसून हसून बेजार झालो होतो. पुढच्या वर्षी शर्यतीत पाचवी आलीस. पहिली कोण आली ते मला आजही ठाऊक नाही.

आता ऐक. मी पडले. माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढले, कुणी सांगितलं होतं! खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तुझ्या पदवीच्या आनंदावर विरजण नको म्हणून बाबाला शपथ घालून गप्प बसवलंय, त्याच्यावर चिडू नकोस. हाड छान बसलंय म्हणतात डॉक्टर, पण आता उठले नाही तर कायमची अंथरुणाला खिळेन. व्यायाम करून घेणारी मुलगी रोज वॉकर घेऊन येते आणि रोज मी झोपेचं सोंग घेते. सगळ्यांना वाटतं, दुखतंय. दुखतंय म्हणून नाही गं, मी घाबरलेय. पाय टेकला आणि तो माझा राहिलाच नसला तर? पण तुझा फोटो उशाशी आल्यापासून सोंगही नीट वठेना. आज तिला सांगून टाकलंय, रविवारी उभी राहीन. तू ये. ते फुगलेलं पुस्तक घेऊन ये, शेजारी खुर्ची टाकून बस आणि मोठ्याने वाच, चिन्हांसकट. स्वल्पविरामाला मी एक पाऊल टाकीन, पूर्णविरामाला टेकेन. अक्षरं हलली तर हलू देत, बिचकू नकोस. मीही काही फार जोरात धावणार नाहीये.

तुझीच,
रविवारपर्यंत आडवी,
आत्या