मोरिओकाच्या हॉटेलातून, जड बॅगेसह

तीर्थरूप चिझुरूताईस सायोचा वाकून नमस्कार.

इवाते डोंगराच्या माथ्यावर काल पहिला बर्फ दिसला, म्हणजे तुझा डावा गुडघा कुरकुरू लागला असेल. शेकत जा. मी बरी आहे. तीन वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही.

परवापासून मी मोरिओकातच आहे, नदीकाठच्या हॉटेलात. आपल्याच गावात किल्ली मागून खोलीत शिरायचं, हे मनाला विचित्रच वाटतं. नाव नोंदवायच्या कागदावर 'येण्याचं कारण' असा रकाना होता. 'बहिणीशी बोलणं' असं लिहायला हात धजेना, म्हणून 'इथलं खाणं' असं लिहिलं. काउंटरवरच्या ओनोदेराबाईंनी ते फारच मनावर घेतलं. (त्याआधी माझी बॅग उचलताना त्यांचा चेहरा पडला होता. पुस्तकं आहेत, असं मी सांगितलं.) रोज संध्याकाळी त्या विचारतात, "आज काय खाल्लंत?" एकदा खोटं लिहिलं की ते खाऊन निस्तरावं लागतं, ताई. पहिल्या दिवशी मी गार रश्श्यातल्या रेइमेन शेवया खाल्ल्या, कुडकुडत.

काल वान्कोसोबाला बसले. सेंदाईत वीस वर्षं राहून माझी सवय गेली आहे. घासभर शेवया वाटीत पडतात, त्या संपल्या की मागे उभी असलेली बाई पुढचा घास टाकते, आणि रिकाम्या वाटीवर आपण झाकण ठेवेपर्यंत थांबत नाही, हे तुला मी काय सांगणार. माझ्यामागे सत्तरीच्या एक आजी होत्या. "हं, अजून एक," असं इतक्या मायेनं म्हणायच्या की त्यांच्यादेखत झाकण ठेवणं मला उर्मटपणाचं वाटलं. बासष्टाव्या वाटीला आजीच म्हणाल्या, "अगं बाई, झाकण ठेव की आता. माझा हात दुखतोय."

खोलीवर येऊन आडवी पडले (बसता येतच नव्हतं) आणि आईच्या वर्षश्राद्धाचा दिवस आठवला. पाणी निघावं म्हणून लोणच्यावर ठेवायचा तिचा तो दगड. तू म्हणालीस, तो या घरातून हलणार नाही. मी म्हणाले, घर तुला मिळालं, दगड तरी दे. मग तू एक बोललीस, मी एक, पुन्हा तू. आपण दोघी वाढत राहिलो, झाकण काही कोणाला ठेवता आलं नाही. शेवटी मी दगड उचलून नेला. खरं सांगू? त्याखाली मी एकदाही लोणचं घातलं नाही. तीन वर्षं तो बाल्कनीचं दार अडवून बसला आहे, आणि मी रोज त्याला ठेचकाळते.

आज सकाळी नाश्त्याला सलगमाचं लोणचं होतं. एक फोड तोंडात टाकली आणि काड्या खाली ठेवल्या. आईचा हात होता तो. वाढणाऱ्या मित्सुएबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "आमच्या गल्लीतल्या चिझुरूसान दर गुरुवारी सायकलवरून आणतात. जीभ तिखट आहे हो त्यांची, पण हाताला चव आहे." मी म्हटलं, थोडीफार ओळख आहे. तीनदा वाढून घेतलं. एकच सांगते, रागावू नकोस. पाणी अंमळ जास्त राहिलंय. वरचं वजन कमी पडतंय तुझं.

हे पत्र मित्सुएबाईंच्या हाती देते आहे. उत्तर लिहायचे कष्ट घेऊ नकोस, मी उद्या निघतेच आहे.

तुझी धाकटी,
सायो

ता. क. उद्या गुरुवार. माझी गाडी दुपारची आहे. सकाळी सहापासून मी हॉटेलच्या मागच्या दाराशी, स्वयंपाकघराच्या बाजूला उभी असेन. बोलायचं नसेल तर लोणचं ठेवून निघून जा. मी हाक मारणार नाही.

पुन्हा ता. क. बॅगेत पुस्तकं नाहीत. सायकलीला मागची मोठी टोपली लावून ये.